सरकारी इमारतीचं लाइटबिल कोण वाचतं?

मागच्या मे महिन्यात एका दाखल्यासाठी सरकारी ऑफिसात गेलो होतो, कुठलं ते नाही सांगत, नागपुरातलंच आहे, तिसरा मजला, म्हणजे सगळ्यात वरचा. साडेपाच वाजून गेलेले, बाहेर ऊन उतरायला लागलेलं आणि आत मात्र उकाडा वाढतच चाललेला. उभं राहून पाय दुखले म्हणून पश्चिमेच्या भिंतीला टेकलो तर शर्टातून चटका बसला. वर पंखा फुल स्पीडवर होता पण स्लॅबखालची गरम हवाच तो डोक्यावर ढकलत होता. बाजूच्या केबिनमध्ये एसी चालू आणि खुर्ची रिकामी. तिथंच एक वायरमन काका स्टुलावर चढून पंख्याचा कंडेन्सर बदलत होते, त्यांना विचारलं की काका, आत कोणी नाही तर एसी कशाला चालू आहे?

"साहेब दौऱ्यावर गेले ना भाऊ. शिपाई सकाळी लावून देते, संध्याकाळी बंद करते. मधात कोणी पाहून नाही राहिलं. लाइटबिल किती येते हे बी इथं कोणाले माहीत नाही, ते तर वरूनच भरते."

हे "वरूनच भरते" तेव्हापासून डोक्यात अडकून बसलंय. सरकारी इमारतींत वीज वाचवायची म्हटलं की आपण लगेच सोलर पॅनल, स्मार्ट बिल्डिंग असलं काही बोलायला लागतो, पण त्याच्या आधी एक साधी गोष्ट आहे, ती वीज नेमकी कुठं जाते हे कोणीतरी बघायला पाहिजे. आणि नागपुरात ती कुठं जाते याची सुरुवात स्लॅबपासूनच होते.

एक ब्रास स्लॅब घ्या, म्हणजे शंभर चौरस फूट, साधारण सव्वानऊ चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी एका चौरस मीटरवर 900 वॅटच्या आसपास ऊन पडतं, म्हणजे एका ब्रासवर आठ किलोवॅट, चार-पाच मोठे गिझर एकाच वेळी लावल्यासारखं. जुना करडा सिमेंटचा स्लॅब यातलं साठ-सत्तर टक्के शोषून घेतो. बरंचसं वाऱ्यानं उडून जातं, काही उष्णता आकाशाकडे परत फेकली जाते, पण उरलेली काँक्रीटमधून हळूहळू खाली उतरते. ती लगेच खाली येत नाही हे महत्त्वाचं. पाच-सहा इंची स्लॅबमधून यायला तीन-चार तास लागतात, म्हणून दुपारी एक-दीडचं ऊन पाच वाजता छतातून खाली येतं, आणि म्हणूनच बाहेर बरं वाटायला लागलं तरी वरच्या मजल्यावर जीव नकोसा होतो. ऑफिस सहाला सुटतं, तिथली माणसं घरी जातात. पण हाच वरचा मजला दवाखान्याचा वॉर्ड असेल तर? तिथला पेशंट कुठं जाणार, त्याच्यावर ती उष्णता रात्रभर झिरपत राहते. नागपूरचा पारा 23 मे 2013 ला 47.9 पर्यंत गेला होता, अशा दिवसानंतर वरच्या वॉर्डात रात्र कशी जात असेल याचा विचार करा.

त्याच स्लॅबला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मारला, नाहीतर चायना मोझॅक म्हणजे पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले, तर नवं असताना सत्तर-ऐंशी टक्के ऊन तिथंच परत जातं. खालच्या खोलीत दोन ते पाच डिग्रीचा फरक पडू शकतो. धूळ बसली की रंगाचा गुण कमी होतो म्हणून दर मार्च-एप्रिलमध्ये गच्ची धुवावी लागते आणि चुना असेल तर दरवर्षी नवा मारावा लागतो, एवढंच. यात कुठलीही नवी टेक्नॉलॉजी नाही. अहमदाबादनं 2013 मध्ये आणि आपल्या महापालिकेनं 2016 मध्ये उष्माघात कृती आराखडा केला, त्यामुळं दवाखान्यांत शीत कक्ष आले, हे फार चांगलं काम झालं, जीव वाचवणारं काम आहे. माझं म्हणणं इतकंच की शीत कक्षाच्या वरचा स्लॅबही पांढरा असू द्या, म्हणजे आतल्या कूलर-एसीला निम्मी लढाई लढावीच लागणार नाही.

सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या इमारती बघा. जाड दगडी-विटांच्या भिंती, उंच छत, चारी बाजूनं व्हरांडा, वर झरोके. व्हरांड्यामुळं ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही, आणि जाड भिंत दिवसाची उष्णता इतकी उशिरा आत सोडते की तोवर रात्र झालेली असते आणि झरोके उघडे असले की ती निघूनही जाते. वीज नसताना बांधलेल्या इमारती त्या, त्यांना दुसरा इलाजच नव्हता. मग एसी आला आणि आपण व्हरांडे काढून टाकले, पश्चिमेला काचा लावल्या.

कूलरबद्दल थोडं सविस्तर बोलतो कारण हा आपला नागपूरचा विषय आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास 0.67 युनिट इतकी उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी हवेतून घेतं, म्हणून हवा गार होते. हवा जितकी कोरडी तितकं जास्त पाणी उडतं. मे महिन्यात दुपारी 44 डिग्री आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर 23 च्या आसपास दाखवतो, कूलरला त्याच्या खाली जाता येत नाही, पण चांगली ताटी, म्हणजे पाणी झिरपणारा पडदा, असलेला कूलर 27-28 पर्यंत हवा आणून देतो. पंखा आणि पंप मिळून दोन-अडीचशे वॅटमध्ये. दीड टनाचा एसी याच्या पाच-सहापट वीज घेतो. म्हणजे मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत नागपूरच्या सरकारी हॉलमध्ये, प्रतीक्षा कक्षात, शाळेत कूलरच योग्य आहे, फक्त समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर दमट हवा आतच साचते आणि मग सगळे म्हणतात कूलर काम करत नाही. पाऊस सुरू झाला की मात्र कूलरचा उपयोग संपतो, तिथं भौतिकशास्त्राचाच नाइलाज आहे, तेव्हा जिथं खरंच गरज आहे तिथं एसी लावा पण 24 वर लावा. ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई सांगतं की एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते. 2020 पासून स्टार रेटिंगचे खोलीतले एसी 24 वरच सुरू होतात, 18 करणारा हात आपलाच असतो.

पंख्याचा हिशोब तर शाळकरी मुलगाही करेल. जुना पंखा 75 वॅट, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवा 30 वॅट. एका मोठ्या ऑफिसात 200 पंखे असतील आणि रोज आठ तास चालत असतील तर दिवसाला 72 युनिट वाचतात, वर्षाचे 250 दिवस धरले तर 18 हजार युनिट. आपल्या औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे फक्त पंखे बदलून अकरा-बारा टन कोळसा वाचला, आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा कोळसा कमी जळण्याची किंमत काय असते, राख त्यांच्या अंगणात पडते.

आता ज्या गोष्टीकडे कोणाचंच लक्ष जात नाही ती, पाणी. महापालिकेच्या वीजबिलात दिवे डोळ्याला दिसतात पण पंप दिसत नाहीत. नागपूरला रोज 60 कोटी लिटरहून जास्त पाणी लागतं, पेंचहून, कन्हानहून, गोरेवाड्यातून, आणि ते शुद्ध करून टाक्यांमध्ये चढवावं लागतं. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला निसर्गाच्या नियमानं कमीत कमी 0.27 युनिट लागतात, त्यात सूट नाही. पण पंप आणि मोटर मिळून 60 टक्के कार्यक्षम असतील तर 0.45 लागतात आणि 75 टक्के असतील तर 0.36. फरक नऊ पैशांसारखा क्षुल्लक वाटतो ना, 0.09 युनिट, पण दहा कोटी लिटरला तो रोज नऊ हजार युनिट होतो. पंपाचं इम्पेलर म्हणजे आतलं फिरणारं चाक झिजलं, व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवून प्रवाह कमी केला, पाइपलाइन फुटली, हे सगळं बिलात जाऊन बसतं. गळणाऱ्या पाण्यासोबत ते चढवायला लागलेली वीजही गटारात जाते. व्हॉल्व्ह दाबण्याऐवजी मोटरचा वेग कमी करणारं यंत्र लावलं, ज्याला सगळे व्हीएफडी म्हणतात, तर वेग 20 टक्के कमी केल्यावर वीज जवळपास निम्मी लागते कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. अर्थात पाणी सरळ उंचच चढवायचं असेल तर एवढा फायदा होत नाही, दवाखान्याच्या मोठ्या ब्लोअरमध्ये तो पुरेपूर मिळतो.

पाण्याचंच एक काम आपल्या शहरानं फार छान केलंय. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीजकेंद्रात थंड करण्यासाठी जातं, पहिली योजनाच रोज 13 कोटी लिटरची. आधी त्यासाठी पेंचचं चांगलं पाणी लागायचं. नितीन गडकरी आपल्या भाषणांत हे उदाहरण कितीदा तरी सांगतात आणि सांगायलाच पाहिजे, कारण यात महापालिकेला पैसे मिळतात, वीजकेंद्राला पाणी मिळतं आणि पेंचचं पाणी उरतं. हे घडलं कारण दोन सरकारी संस्थांनी एकमेकांचा हिशोब समोर ठेवला.

इमारतींच्या बाबतीत मात्र हिशोब समोर येतच नाही. वीजबिल एका लेखाशीर्षातून भरलं जातं, पंखे-एसी बदलायचे पैसे दुसऱ्यातून, काम करणार बांधकाम विभागाची विद्युत शाखा, आणि वापरणारं ऑफिस तिसरंच. वीज वाचवली तर ते पैसे त्या ऑफिसला मिळत नाहीत, उलट पुढच्या वर्षी तरतूद कमी होते. वर निविदेत सगळ्यात स्वस्त पंखा घ्यायचा, मग तो दहा वर्षांत किती वीज खाईल हे कुठल्या रकान्यात लिहायचं? हे सुटू शकतं हे आपण बघितलंय. केंद्र सरकारच्या ईईएसएल कंपनीनं एलईडी बल्ब एकत्र मोठ्या संख्येनं विकत घ्यायला सुरुवात केली तेव्हा 2014 मध्ये एका बल्बचा खरेदी दर 310 रुपये होता, 2016 पर्यंत तो 38 वर आला. रस्त्यावरच्या दिव्यांनाही तीच पद्धत, दिवे आधी कंपनी लावणार, पैसे वाचलेल्या बिलातून हळूहळू द्यायचे. म्हणजे अडचण पैशांची कमी आणि कोणाचा पैसा कुठल्या खात्यात जातो याची जास्त आहे, आणि ती फक्त निर्णय घेणारेच सोडवू शकतात.

आणि निर्णय घेणारे तर आपल्याच गावचे आहेत. 2014 पासून राज्याचं ऊर्जा खातं बहुतेक काळ नागपूर जिल्ह्यातल्याच माणसांकडे राहिलं, आधी चंद्रशेखर बावनकुळे, मग नितीन राऊत, मग देवेंद्र फडणवीस. यांना नागपूरचा मे कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण बाकीचं सरकार? 1953 च्या नागपूर करारामुळं ते इथं येतं हिवाळी अधिवेशनाला, डिसेंबरमध्ये. 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो, बहुतेक वर्षी तो अधिवेशनाच्या आसपासच येतो, आणि तेव्हा नागपुरात स्वेटर घालायची थंडी असते, संत्री खायचे दिवस. मला मनापासून वाटतं की एखाद वर्षी या लोकांनी मे महिन्यात यावं, सचिवांना घेऊन, आणि दुपारी चार ते सहा एखाद्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पेशंटच्या खाटेशेजारी बसावं. हातात त्या इमारतीचं बारा महिन्यांचं बिल असावं, त्यात कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेला जास्तीत जास्त भार, किती घेतलीय आणि खरी लागते किती, पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती कामी येते याचं माप, काय आहे, एवढं तरी वाचावं. कितीतरी ठिकाणी एक मशीन न बदलता नुसता कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा आकडा दुरुस्त करून पैसे वाचतात.

त्या दिवशी दाखला मिळाला नाही, साहेबांची सही राहिली होती. निघताना वायरमन काकांनी जिन्याखालची मीटरची खोली दाखवली. दाराच्या आतल्या बाजूनं पेन्सिलनं आकडे लिहिलेले, एका ओळीत संध्याकाळी जातानाचं रीडिंग, खालच्या ओळीत सकाळी आल्यावरचं. कोणी सांगितलं नव्हतं, यांनीच सुरू केलं. ऑफिस बंद, माणूस नाही, तरी रात्री मीटर एवढं कसं पळते म्हणून एका रात्री ते थांबले, एकेक स्विच पाडत गेले, तेव्हा कळलं की गच्चीवरच्या टाकीचा, पाणी भरलं की मोटर बंद करणारा फ्लोट अडकला होता आणि बोअरची मोटर रात्रभर चालून पाणी गच्चीवरून वाहत होतं. "सत्तर रुपयाचा फ्लोट होता भाऊ, माह्या खिशातून टाकला." त्याच्या खालचे आकडे त्यांनी बोटानं दाखवले, तिथून पुढं दोन ओळींतला फरक अगदी थोडासा होता.