पाठ झालेलं वळण, अनोळखी रस्ता

रेसिंग गेममध्ये नवीन ट्रॅकवर पहिल्या लॅपला, म्हणजे फेरीला, गाडी हमखास गवतात जाते. पाचव्या लॅपला तेच वळण जेमतेम निभावतं. विसाव्या लॅपपर्यंत ब्रेक कुठे दाबायचा हे बोटांनाच कळलेलं असतं. बंदिस्त ट्रॅकची आखणी या पाठांतराच्या भरवशावर केलेली असते.

वळणात वेग किती ठेवता येईल हे मुख्यतः टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. कोरड्या डांबरावर ५० मीटर त्रिज्येच्या वळणात साध्या गाडीला ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग झेपतो. त्रिज्या दुप्पट केली तरी वेग दुप्पट होत नाही, ११३ पर्यंतच जातो, कारण तो त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच मुरलेला खेळाडू बाहेरच्या कडेनं येतो, आतली कड शिवतो आणि पुन्हा बाहेर निघतो. रस्ता तोच, पण गाडीपुरती त्रिज्या मोठी! ट्रॅक आखणाऱ्याला ही युक्ती ठाऊक असते, मग तो एखादं वळण मध्येच आवळतो. लांब सरळ पट्ट्याच्या आधीचं वळण तर सगळ्यात महागडं. तिथून बाहेर पडताना वेग कमी राहिला, तर तो तोटा पट्टाभर सोबत येतो.

पाठांतरालाही मर्यादा आहेच. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ हा ट्रॅक सुमारे २०.८ किलोमीटर लांब आहे. २००४च्या 'ग्रान तुरिस्मो ४' या गेममध्ये तो आला. तिथे चुकलेलं वळण पुन्हा समोर यायला कित्येक मिनिटं लागतात, आणि तोवर मागची चूक विसरलेली असते.

ओपन वर्ल्डमध्ये, म्हणजे हवं तिथे गाडी नेता येईल अशा मोकळ्या जगाच्या गेममध्ये, हा प्रश्न कित्येक पटींनी वाढतो. २००६च्या 'टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड' मध्ये ओआहू बेटावरचे १,६०० किलोमीटरहून जास्त रस्ते होते. एवढं कोण पाठ करणार? इथे रस्त्यानं स्वतःच स्वतःची ओळख करून द्यावी लागते. ताशी २०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ५५ मीटर कापते, म्हणजे चार सेकंद आधी सावध व्हायचं तर सव्वादोनशे मीटर पुढचं दिसायला हवं. म्हणून रस्ते ऐसपैस ठेवतात, वळणांवर बाणांच्या पाट्या लावतात. कॉम्प्युटरचं कामही बदलतं. ट्रॅकवर खेळाडूला कुठून काय दिसणार हे आधीच माहीत असतं. मोकळ्या जगात तो कुठेही वळेल, त्यामुळे पुढचा परिसर धावता धावता डिस्कवरून उचलावा लागतो.

बहुतेक ओपन वर्ल्ड गेम यातून जरा लबाड वाट काढतात. २०१२ पासूनच्या 'फोर्झा होरायझन' मालिकेत एरवी हवं तिथे भटका, पण बहुतेक शर्यतींत चेकपॉइंटची, म्हणजे ज्यांतून जावंच लागतं अशा खुणांची, रांग लागते आणि ट्रॅक गुपचूप परत येतो.

२००८च्या 'बर्नआउट पॅराडाइज' नं हे टाळलं. सुरुवात आणि शेवट ठरलेला, मधली वाट ज्याची त्यानं शोधायची. वळायची वेळ आली की पडद्यावर वर रस्त्याच्या नावाची पाटी लुकलुकते. तरी नजर सारखी नकाशाकडे जाते आणि तेवढ्यात गाडी भिंतीवर आदळते. मला यातली खरी हुशारी दिसते ती शर्यतींच्या शेवटात. शर्यती गेममधल्या शहरात कुठूनही सुरू झाल्या, तरी संपतात आठ दिशांच्या आठ ठरावीक जागी. वेधशाळेकडे किंवा पवनचक्क्यांकडे जाणारे शेवटचे रस्ते पुन्हा पुन्हा वाट्याला येतात, आणि काही दिवसांत तेवढे तरी पाठ होऊन जातात.