परदेशातून घरी आलेला पैसा जातो कुठे?

परदेशी गेलेल्या माणसाने घरी धाडलेल्या पैशावर एक शेरा हमखास ऐकू येतो: ‘आयता पैसा, उडवतात झालं!’ अर्थशास्त्रातही बराच काळ असाच सूर होता. फक्त शब्द भारदस्त, ‘अनुत्पादक खर्च’. पण हे तपासायचं कसं? ज्या घरातला माणूस बाहेर पडला, ते घर मुळातच वेगळं असू शकतं. थोडी पुंजी, चार ओळखी, शिक्षणाची ओढ आधीपासूनच असेल. मग मुलं शाळेत टिकली ती पैशामुळे की घरच्या वळणामुळे?

1997च्या आशियाई आर्थिक संकटाने याचं उत्तर शोधायची संधी दिली. फिलिपिन्सचे कामगार तेव्हा अनेक देशांत विखुरलेले होते. जुलैपासून फिलिपिन्सचं चलन पेसो घसरत गेलं आणि आखातात किंवा अमेरिकेत असलेल्यांची कमाई, पेसोत मोजली तर, वर्षभरात सुमारे 50 टक्क्यांनी फुगली. मलेशियातल्यांच्या पदरी मात्र काहीच पडलं नाही, कारण तिथलं चलन रिंगिटही पेसोबरोबर गडगडलं होतं. कोण कुठे कामाला होता, एवढ्यावरच सगळं ठरलं. जणू सोडतच निघाली.

डीन यांग या अर्थशास्त्रज्ञाने या घरांची आधीची आणि नंतरची आकडेवारी ताडून पाहिली. सोडत लागलेल्या घरांत रोजचा खर्च फारसा वाढलेला नव्हता. वाढलं होतं ते मुलांचं शिक्षण. मुलांची मजुरी घटली होती, आणि काहींनी वाहतुकीसारखे भांडवल लागणारे धंदे सुरू केले होते.

असं का व्हावं? अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1957 मध्ये मांडलं होतं की माणूस कायमच्या वाटणाऱ्या उत्पन्नावर घर चालवतो. अचानक आलेलं बाजूला ठेवतो किंवा कुठेतरी गुंतवतो. परदेशातली नोकरी कधी सुटेल याचा नेम नसतो, म्हणून तिथून येणारा पैसा बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतो. ग्वाटेमालातल्या घरांच्या पाहणीतही हेच दिसलं: अशा घरांत हाती आलेल्या जादा पैशातला अन्नावर जाणारा वाटा कमी, शिक्षण आणि घरबांधणीवरचा जास्त. (घर बांधणं ‘अनुत्पादक’ कसं, हे मला कधीच पटलेलं नाही.)

शिवाय पाठवणाऱ्याचं मत आणि घेणाऱ्याचं मत एकच असतं असं नाही. अमेरिकेत राहणाऱ्या एल साल्वादोरच्या स्थलांतरितांवर एक प्रयोग झाला. त्यांना मायदेशात बचत खाती उघडून देऊ केली. काहींना फक्त घरच्यांच्या नावाची, काहींना स्वतःचाही ताबा असलेली. स्वतःचा ताबा मिळालेल्यांची बचत अधिक वाढली.