द्राक्षकुंड आणि जैतुनाचा घाणा

बायबलकालीन गावांच्या अवशेषांत खडकात कोरलेले हौद आणि त्यांना जोडणारी पन्हळ दिसली, की ती द्राक्षारसाची की तेलाची, असा संभ्रम हमखास पडतो. दोन्हीकडे फळ दाबून द्रव खालच्या हौदात जमवला जाई. मात्र द्राक्ष पायाखाली फुटते आणि जैतून (ऑलिव्ह) तसे सहजी तेल सोडत नाही, आणि या कामांमधला बहुतेक फरक तिथूनच सुरू होतो.

द्राक्षकुंड मळ्याजवळ, उघड्यावर असे, कारण पिकलेली द्राक्षे फार दूर नेता येत नाहीत. उन्हाळ्याच्या अखेरीस माणसे रुंद, उथळ फरशीवर आरोळ्या देत ती अनवाणी तुडवीत. रस उतारावरून खालच्या कुंडात जाई आणि कपडे लाल होत, ज्याचा उल्लेख बायबलमधील यशयाच्या पुस्तकाच्या 63व्या अध्यायात आहे. इस्राएली पुढारी गिदोन पीक लुटणाऱ्या मिद्यानी लोकांपासून लपवण्यासाठी अशाच कुंडात गहू झोडपत होता (बायबल, शास्ते 6:11). गव्हाची सुगी द्राक्षांच्या आधी येते, त्यामुळे कुंड तेव्हा रिकामे असणार, हे लक्षात घेतले तर ही जागा त्याने किती विचारपूर्वक निवडली ते कळते.

जैतुनाचे काम अधिक लांबलचक आणि कष्टाचे होते. शरद ऋतूत फांद्या झोडपून फळे पाडली जात; मालकाने झाडे पुन्हा झोडपू नयेत, उरलेली फळे परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी ठेवावीत, असा नियम बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (24:20) आहे. इस्राएलच्या शेजारी राहणाऱ्या पलिष्टी लोकांच्या एक्रोन नगरात इ. स. पूर्व 7व्या शतकातले शंभराहून अधिक घाणे सापडले आहेत. तेथे मधल्या आयताकृती कुंडीत दंडगोल दगड फिरवून फळे चिरडत, मग तो लगदा विणलेल्या टोपल्यांत भरून बाजूच्या हौदांवर रचत आणि वर लांब तुळई टाकत. तुळईचे एक टोक भिंतीच्या खोबणीत अडकवलेले असे, तर दुसऱ्याला भोक पाडलेले जड दगड टांगलेले असत. निघालेल्या द्रवात पाणीही असल्याने तो निवळू द्यावा लागे, म्हणजे तेल वर तरंगे. कोकणातले बेने इस्राएल (ज्यू) तेली ज्या बैलाच्या घाण्यावर तेल गाळीत, त्यात दळणे आणि दाबणे एकाच उखळात होई. एक्रोनमध्ये मात्र ही दोन वेगळी कामे होती.

म्हणूनच अवशेषांत चिरडण्याची कुंडी आणि तिचा दगड आधी शोधावा. केवळ टांगण्याच्या वजनांवरून निर्णय करू नये, कारण रोमन काळात द्राक्षांचा चोथा पिळण्यासाठीही तुळईचा दाब वापरला जात होता.