इस्तिगफार म्हणजेच तौबा का?

दिवाळीत लक्ष्मी रोडला ‘तोबा गर्दी’ असते, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्यातला ‘तोबा’ मूळचा अरबी, तौबा. अर्थ मात्र परत फिरणं. वाट चुकलेला माणूस अल्लाहकडे परत वळतो, ती तौबा. ‘अस्तगफिरुल्लाह’ म्हणत माफी मागतो, तो इस्तिगफार. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो. कुरआनात सूरह हूदच्या 3ऱ्या आयतीत मात्र दोन्ही शेजारी शेजारी येतात: आपल्या रबकडे क्षमा मागा, मग त्याच्याकडे वळा.

इस्तिगफारच्या मुळाशी आहे झाकणं. लढाईतल्या शिरस्त्राणाला अरबीत ‘मिगफर’ म्हणतात, तो शब्दही याच मुळातून आलेला. डोकं झाकतं आणि वारही झेलतं. म्हणजे मागणं असं की माझं पाप झाक आणि त्याच्या फळापासून वाचव. पैगंबर स्वतः दिवसातून 70 पेक्षा जास्त वेळा इस्तिगफार करत, असं बुखारीच्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात आहे.

इस्तिगफार दुसऱ्यासाठीही करता येतो. शब-ए-बरातला, म्हणजे माफी मागण्याच्या रात्री, कब्रस्तानात आईबापांच्या कबरीपाशी हात उचललेली मुलं तेच करत असतात. तौबा मात्र ज्याची त्यानंच करायची. मुलगा बापासाठी माफी मागेल, बापाच्या वतीनं वळणार कसा?

तौबेच्या अटी उलेमा, म्हणजे धर्मपंडित, तीन सांगतात: गुनाह सोडणं, मनापासून पस्तावणं, पुन्हा न करण्याचा निश्चय. माणसाचा हक्क मारला असेल तर चौथी, तो परत करणं. मला ही चौथीच सगळ्यांत अवघड वाटते.

मोमीनपुऱ्यात आमचं छोटं किराणा दुकान होतं. एकदा कळलं की वजनकाटा किलोमागे 20 ग्रॅम कमी देतोय. अब्बांनी काटा त्याच दिवशी बदलला. रात्री इशाच्या नमाजनंतर तसबीह, म्हणजे जपमाळ, घेऊन बराच वेळ ‘अस्तगफिरुल्लाह’ म्हणत बसले. मला वाटलं, झालं. सकाळी बघतो तर उधारीची वही उघडी, एकेका नावापुढे रक्कम कमी करणं चाललेलं. रोखीनं नेणारी ओळखीची गिऱ्हाइकं आली की पुडीत मूठभर साखर जास्त पडायची, कारण सांगून. म्हणायचे, ‘‘अल्लाहचा हक्क तो माफ करेल रे, त्याची रहमत मोठी आहे. हा हक्क यांचा आहे.’’

ज्यांचा पत्ताच लागला नाही, त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या वतीनं सदक्यात, म्हणजे दानात गेले.