गुण आला, पण कशानं?

रंकाळ्याच्या काठानं पहाटे फिरायला गेलं की निम्मं कोल्हापूर तब्येतीच्या मागे लागलेलं दिसतं. कुणी कट्ट्यावर बसून अनुलोम-विलोम करतंय, कुणी डोळे मिटून जप. कारलं, दुधी आणि गव्हांकुराचा रस विकणाऱ्यांभोवती गर्दी. आणि अलीकडे मोबाईलवर व्हिडिओ लावून, गुडघे किंचित वाकवून, हवेत संथपणे हात फिरवणारी मंडळीही दिसतात. ते चिनी चीगोंग. यातल्या कुणालाही थांबवून विचारा, उत्तर एकच येतं : "मला गुण आला."

या वाक्यावर मी कधीच हसत नाही. ज्याचा गुडघा दुखायचा थांबला, ज्याला रात्री झोप लागायला लागली, त्याचा अनुभव खराच असतो. पण गुण आला ही एक गोष्ट आणि तो कशानं आला ही दुसरी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातून आपोआप मिळत नाही, ते वेगळं शोधावं लागतं. या शोधात माणसांनी फार सुंदर प्रयोग केले आहेत.

सुरुवात चीगोंगपासून करू. चीनमध्ये चांगशा शहराजवळ मावांगदुई इथल्या एका थडग्यात रेशमी कापडावरचं चित्र सापडलं. थडगं इसवी सनापूर्वी 168 मधलं. चित्रात चाळीसहून जास्त स्त्री-पुरुष हात वर करताना, वाकताना, अंग ताणताना दिसतात. म्हणजे परंपरा जुनी आहे. मात्र आज ज्याला आपण चीगोंग म्हणतो, त्याची उपचारपद्धती म्हणून बांधणी झाली 1950 च्या दशकात. लिऊ ग्वीझेन नावाच्या कार्यकर्त्यानं जुन्या श्वसनक्रिया आणि ध्यानाचे प्रकार एकत्र केले, त्यांतला धार्मिक भाग बाजूला ठेवला आणि सरकारी आरोग्यकेंद्रांतून ते शिकवायला सुरुवात केली. शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती वाहते, ती अडली की आजार होतो आणि या हालचालींनी ती मोकळी होते, अशी त्यामागची पारंपरिक समजूत.

आता ची बाजूला ठेवा आणि फक्त हालचाल बघा. गुडघे वाकलेले असल्यानं मांडीच्या पुढच्या स्नायूंवर सतत भार असतो. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर इतक्या सावकाश जातं की घोट्यातल्या आणि तळव्यातल्या संवेदनांना क्षणोक्षणी मेंदूला तोल कळवत राहावा लागतो. साठीनंतर नेमकं हेच कौशल्य कमी होत जातं, आणि मग न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडतं. ताई ची हा चीगोंगच्या जवळचा प्रकार. वयस्कर माणसांवर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर ताई ची करणाऱ्यांत पडणाऱ्यांचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्शानं कमी दिसतं. 2012 मध्ये पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, 195 रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा, 24 आठवडे ताई ची करणाऱ्यांचा तोल, नुसते ताण देण्याचे किंवा वजनाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. आपल्या आजी-आजोबांना हे शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. जोर-बैठकांचं हे गाव, तालमीत शरीर कमावणाऱ्यांचं कौतुक इथं पिढ्यान् पिढ्या झालं. पण सत्तरीतल्या माणसाच्या मांडीतही ताकद वाढू शकते, हे मात्र आपल्या घराघरांत अजून पोचलेलं नाही.

हालचालीचा फायदा तपासून मिळाला. मग तळहातातून बाहेर पडणाऱ्या चीचं काय? 1980 च्या दशकात चीनमध्ये चीगोंगचं वेड पसरलं, तेव्हा काही गुरू दुरूनच 'ची' सोडून रुग्ण बरे करतो असं सांगू लागले. रुग्ण समोर झोपलेला असायचा, गुरू हात फिरवायचे आणि त्याचं अंग वळायला, थरथरायला लागायचं. 1988 मध्ये अमेरिकेतून असे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी, तत्त्वज्ञ पॉल कुर्ट्झ आणि त्यांचे सहकारी चीनला गेले. त्यांनी बदल केला तो एवढाच, की गुरूंना एका खोलीत ठेवलं आणि रुग्णाला दुसऱ्या. गुरू कधी ची सोडताहेत हे रुग्णाला कळायला मार्ग नव्हता. त्याचं अंग तरीही हलत होतं, पण हलण्याच्या वेळा आणि ची सोडण्याच्या वेळा जुळल्या नाहीत.

याहून सोपा प्रयोग अमेरिकेतल्या एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेसाठी केला. रुग्णाच्या अंगावरून, स्पर्श न करता, हात फिरवून ऊर्जा जाणवते असं सांगणाऱ्या 21 उपचारकांना तिनं पुठ्ठ्याच्या आडोशापलीकडे बसवलं. पुठ्ठ्याच्या खालून त्यांनी दोन्ही तळहात तिच्या बाजूला ठेवायचे. ती नाणं उडवून ठरवायची आणि त्यांच्या एका हातावर आपला हात धरायची. कोणत्या हातावर, एवढंच ओळखायचं. 280 वेळा विचारलं, बरोबर उत्तरं आली 44 टक्के. डोळे मिटून नुसतं 'डावा' किंवा 'उजवा' म्हणत गेलं तरी निम्मी बरोबर येतात. हा प्रयोग 1998 मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा एमिली अकरा वर्षांची होती. खर्च जवळपास शून्य. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो करता येईल, आणि करायला हवा.

आपल्याकडेही अशी तपासणी झाली आहे. हृदय थांबवू शकणारे योगी ही जुनी ख्याती. वेंगर, बागची आणि आनंद या तीन संशोधकांनी अशा साधकांना हृदयाचा आलेख काढणारं यंत्र लावलं, निष्कर्ष 1961 मध्ये छापले. मनगटाची नाडी खरोखरच लागेनाशी झाली. स्टेथोस्कोपमधले ठोकेही ऐकू येईनात. आलेखावर मात्र हृदय चालूच होतं. श्वास रोखून छाती आणि पोट जोरानं आवळलं की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, नाडी इतकी क्षीण होते की बोटाला लागत नाही. साधक लबाड नव्हते, शरीरावरचा त्यांचा ताबा विलक्षण होता. चुकलेलं होतं ते त्याचं कारण. लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांची वाटही हीच : क्ष-किरण आणि दाबमापक लावून आसनं-क्रियांमध्ये शरीरात काय घडतं ते मोजायचं. योगावर अपार श्रद्धा असलेला माणूस तपासणीला घाबरत नाही, याचं हे आपल्या मातीतलं उदाहरण.

प्राणायामाबद्दल रंकाळ्यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "भरपूर ऑक्सिजन मिळतो." कोविडच्या काळात बऱ्याच घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. ते लावून बघा. निरोगी माणूस नुसता बसलेला असतानाही रक्तातलं हिमोग्लोबिन 95 ते 99 टक्के ऑक्सिजननं भरलेलं असतं. तिथं आणखी भरायला जागाच फारशी नाही. तरी सावकाश श्वासानं बरं वाटतं, त्याचं कारण दुसरीकडे आहे. मनगटावर बोट ठेवून खोल श्वास घ्या : श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणारे चेतातंतू असतात. दाब वाढला की ते मेंदूला कळवतात आणि मेंदू व्हेगस नावाच्या चेतातंतूतून हृदयाला सावकाश व्हायला सांगतो. या व्यवस्थेची स्वतःची एक लय असते, साधारण दहा सेकंदांची. मिनिटाला सहा श्वास घेतले तर श्वासाची लय आणि ही लय जुळते, नाडीचे चढउतार मोठे होतात आणि दाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तत्पर होते. इटलीत 23 निरोगी माणसांवरचा असा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हटली, एकदा 'ओम मणि पद्मे हुम' हा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि परिणामही सारखाच दिसला. धर्म दोन, शरीर तेच.

ध्यानाबद्दलची मोजमापं याहून साधी आहेत. 2014 मध्ये 47 चाचण्या आणि 3515 माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. चिंता, उदासी आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात असं त्यात दिसलं, पण व्यायाम किंवा औषधासारख्या दुसऱ्या उपायांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्याला बसवतं त्यानं जरूर बसावं.

मग "मला गुण आला" हे पुरेसं का नाही? कावीळ घ्या. 2012 साली दूषित पाण्यामुळे इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. पाण्यातून पसरणारी कावीळ हेपटायटिस अ किंवा ई या विषाणूंमुळे होते आणि बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपसूक बरी होतात, यकृत स्वतःची दुरुस्ती करून घेतं. पण त्या आठवड्यांत माणूस कुठंतरी जाऊन झाडपाल्याची पुडी घेतोच, आणि श्रेय पुडीला मिळतं. कावीळ 'उतरवणारे' तर हातावर आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं होतं. कावीळ नसलेल्या माणसाच्या हातावर रस चोळा, पाणी तितकंच पिवळं होईल. शंभरातले बहुतेक बरे होणारच असतात, म्हणून उतरवणाऱ्याची ख्याती वाढत जाते. ई-काविळीत गरोदर बाईच्या जिवाला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, मोठा धोका असतो. पाचातली एक दगावू शकते. त्या बाईला पुडीवर भरवसा ठेवून घरी ठेवणं मला सहन होत नाही.

गुडघेदुखी, पाठदुखी, दमा यांचंही असंच. दुखणं कधी वाढतं, कधी उतरतं. आपण उपाय शोधतो ते दुखणं शिखरावर असताना. त्यानंतर ते बहुधा उतरणारच असतं. म्हणून चाचणीत दोन गट लागतात, एकाला औषध आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं काहीतरी, चिठ्ठ्या टाकून वाटलेलं.

हे वाचून झाडपाला निरुपयोगी आहे असा अर्थ कुणी काढू नये. उलट आपल्याच डोंगरात याचं उत्तर उभं आहे. पश्चिम घाटाच्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे, चुरगळल्यावर घाण वास येणारं. 1966 मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे रसायन वेगळं काढलं. वाणी आपल्या नंदुरबारचे. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच रसायन नरक्यात मिळालं. पेशी विभागताना डीएनएची गुंतलेली दोरी एक विकर क्षणभर कापून पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन त्या विकराला जोडणी करूच देत नाही, आणि भराभर विभागणारी कर्करोगाची पेशी मरते. मात्र मूळ रसायन रुग्णांना दिलं तेव्हा रक्तपेशी घटल्या, मूत्राशयातून रक्तस्राव झाला आणि 1970 च्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून, मात्रा ठरवून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला 1996 उजाडलं. दरम्यान आपल्या घाटातली नरक्याची झाडं बेसुमार तुटली, लाकूड परदेशी गेलं. झाडात औषध असतं हे खरं, पण ज्यात औषध असतं त्यात विषही असू शकतं, आणि दोघांतलं अंतर मात्रेनं ठरतं.

"आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. कोविडमध्ये गुळवेलीचा काढा घरोघरी रोज उकळला गेला. 2022 मध्ये भारतीय यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 43 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्यासारखी लक्षणं होती. आयुष मंत्रालयानं गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असा आक्षेप आधीच्या अशा नोंदींवर घेतला होता. तो वाद कसाही सुटो, बाजारातली वेल नेमकी कोणती हे विकत घेणाऱ्याला ओळखता येत नाही, ही अडचण दोन्ही बाजूंनी उरतेच. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेली आढळतात. दोन दिवसांत गुडघा हलका होतो, काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते आणि पुडी अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो.

कायदे आहेत. 1954 चा कायदा मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर हमखास इलाजाच्या जाहिराती करायला मनाई करतो. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे देणं हा गुन्हा ठरवतो. तरी "शुगर मुळापासून बरी" असे फलक लागतात आणि संदेश फिरतात.

या संदेशांत मला सर्वांत भीती वाटते ती इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्यांची. टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. 1922 मध्ये टोरोंटोत पहिल्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी अशी मुलं दगावतच असत. कारल्याचा रस, ध्यान, चीगोंग यांपैकी काहीही इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. इंजेक्शन थांबलं की एक-दोन दिवसांतच रक्त आम्ल होऊ लागतं : उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी. यातलं काही दिसलं तर वेळ किती झाली हे न बघता मुलाला कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात न्या. आणि घरात कुणीही काढा, पुडी, भस्म घेत असेल, तर पुढच्या तपासणीला ती बाटली किंवा पुडी सोबत घ्या, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि किती दिवस, किती मात्रेत घेतलं ते स्पष्ट सांगा. कुणी रागावेल म्हणून ती पिशवीत लपवून ठेवू नका.