‘कॉपी पूर्ण झाली’ म्हणजे नेमके काय झाले?

2018 च्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीत एक सेटिंग बदलली गेली आणि बहुतेकांच्या ते लक्षातही आले नाही. पेनड्राइव्ह किंवा यूएसबीने जोडलेली बाहेरची हार्डडिस्क यांना त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘बेटर परफॉर्मन्स’ हे धोरण आपोआप लागू होत असे. या आवृत्तीपासून त्याची जागा ‘क्विक रिमूव्हल’ने घेतली. वरवर पाहता हा वेग आणि सोय यांच्यातला साधा पर्याय वाटतो. प्रत्यक्षात आपली फाइल कोणत्या क्षणी खरोखर लिहिली जाते, आणि त्या क्षणापर्यंतचा धोका कोणी पत्करायचा, हे त्या एका खुणेवर ठरते. म्हणून ही सेटिंग प्रत्येकाने एकदा तरी उघडून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

किराणा दुकानात गर्दीच्या वेळी दुकानदार प्रत्येक उधारी थेट खतावणीत मांडत नाही. तो ती कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि उसंत मिळाली की नीट लावून खतावणीत उतरवतो. संगणकाची कार्यप्रणाली हेच करते. आपण एखादी फाइल पेनड्राइव्हवर टाकतो तेव्हा ती आधी संगणकाच्या मुख्य मेमरीत, म्हणजे रॅममध्ये, ठेवली जाते आणि लिहिण्याचे काम मागाहून सावकाश होते. रॅम पेनड्राइव्हच्या शेकडो पट वेगवान असल्यामुळे कॉपीची पट्टी भराभर पुढे सरकते आणि काम झाल्यासारखे दिसते. या व्यवस्थेला ‘राइट कॅशिंग’ म्हणतात. कच्ची वही खतावणीत उतरण्याआधीच कोणी खतावणी उचलून नेली, तर शेवटच्या नोंदी कुठेच राहत नाहीत. पेनड्राइव्ह घाईने उपसला की नेमके तेच होते.

नुकसान शेवटच्या फाइलपुरतेच राहिले असते, तर ते सोसता आले असते. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट32 किंवा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. फॅट32 मध्ये कोणत्या फाइलचा कोणता तुकडा कोठे आहे याची एक सारणी डिस्कच्या सुरुवातीलाच ठेवलेली असते, आणि एक फाइल लिहायची म्हटली तरी प्रत्यक्ष मजकूर, ही सारणी आणि फोल्डरमधली नोंद अशा तिन्ही ठिकाणी बदल करावा लागतो. त्यांपैकी एक बदल झाला आणि दुसरा राहिला, तर नाव दिसते पण फाइल उघडत नाही, किंवा जुन्या फाइलींचे तुकडेही एकमेकांत मिसळतात. विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीची ईएक्सटी4 या पद्धतींत बदलांची आगाऊ नोंद, म्हणजे जर्नल, असते. त्यामुळे रचना बरीचशी सावरता येते. फॅटमध्ये तो आधार नाही, आणि बाजारातल्या बहुसंख्य पेनड्राइव्हवर मात्र तीच आहे.

आता विंडोजची ही सेटिंग कोठे सापडते ते पाहू. स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे, खालच्या भागात आपल्या ड्राइव्हच्या नावावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे आणि तेथील ‘पॉलिसीज’ हा टॅब निवडावा. ‘क्विक रिमूव्हल’ निवडल्यास विंडोज कच्ची वही ठेवत नाही. लिहिण्याचे काम थेट ड्राइव्हकडे जाते, कॉपीची पट्टी हळू चालते, पण ती संपली की काम खरोखरच संपलेले असते. ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडल्यास वेग मिळतो, मात्र दर वेळी ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’ हा पर्याय वापरूनच ड्राइव्ह काढावा लागतो. हे धोरण प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्र असते आणि ते उपकरण पुन्हा त्याच पोर्टला जोडले की टिकून राहते. घरातल्या दोन पेनड्राइव्हना दोन वेगळी धोरणे लागू असू शकतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ‘क्विक रिमूव्हल’ असले तरी कॉपी चालू असताना ड्राइव्ह उपसणे सुरक्षित ठरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

लिनक्समध्ये हाच प्रश्न अधिक ठळकपणे समोर येतो, कारण तेथे कच्ची वही फार मोठी असू शकते. लिहायची राहिलेली माहिती किती साचू द्यायची, हे कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, टक्केवारीने ठरवते. उपलब्ध मेमरीच्या 10 टक्क्यांपर्यंत ती साचली की पार्श्वभूमीवर लिहिणे सुरू होते, आणि 20 टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत पोहोचली की लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून ठेवले जाते. याशिवाय 30 सेकंदांहून जुनी झालेली माहिती लिहायला काढली जाते. समजा 8 जीबी मेमरी उपलब्ध आहे. तिचे 20 टक्के म्हणजे सुमारे 1.6 जीबी. सेकंदाला 10 एमबी या गतीने लिहिणाऱ्या साध्या पेनड्राइव्हला एवढी माहिती उतरवायला 160 सेकंद, म्हणजे अडीच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. कॉपीची पट्टी केव्हाच शंभर टक्क्यांवर गेलेली असते आणि ‘इजेक्ट’ दाबल्यावर मात्र संगणक मिनिटभर गप्प बसतो, त्याचे कारण हे आहे. तो बिघडलेला नसतो. तो वही उतरवत असतो.

ही टक्केवारी कोठून आली? 2013 मध्ये लिनक्सच्या विकासकांमध्ये या विषयावर चर्चा झाली तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीच सांगितले की, टक्केवारीची कल्पना संगणकात 8 ते 64 एमबी मेमरी असण्याच्या काळातली आहे. त्या काळी अशा टक्केवारीचा अर्थ काही एमबी एवढाच होता. मेमरी जीबीत मोजली जाऊ लागल्यावर तोच आकडा अवाजवी झाला.

उपाय म्हणून कर्नलमध्ये टक्केवारीऐवजी ठरावीक आकार देण्याची सोय आहे. ‘डर्टी बाइट्स’ (प्रोग्रामला थांबवणारी मर्यादा) आणि ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ (पार्श्वभूमीवर लिहिणे सुरू करणारी मर्यादा) या दोन सेटिंगना अनुक्रमे 64 एमबी आणि 16 एमबी असे आकडे दिले, तर कॉपीची पट्टी बऱ्याच अंशी खरे बोलू लागते. मात्र या सेटिंग संपूर्ण संगणकाला लागू होतात, आणि त्यामुळे आतल्या वेगवान एसएसडीच्या, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कच्या, कामालाही लगाम बसतो. म्हणून एकेका उपकरणापुरता वाटा ठरवून देणारी, ‘मॅक्स रेशो’ नावाची जी स्वतंत्र सेटिंग कर्नलने दिली आहे, ती मला अधिक न्याय्य वाटते.

काही जण याहून कठोर मार्ग घेतात आणि ड्राइव्ह ‘सिंक’ या पर्यायासह माउंट करतात, म्हणजे संगणकाला जोडून वापरात आणतात; मग प्रत्येक बारीक बदल तत्काळ लिहिला जातो. पेनड्राइव्हच्या बाबतीत हे टाळलेले बरे. फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर नवे लिहिण्यापूर्वी एक संपूर्ण ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक ब्लॉक किती वेळा पुसता येईल याला मर्यादा असते. ‘सिंक’मुळे फॅटची ती सारणी पुन्हा पुन्हा लिहिली जाते, वेग तर घसरतोच, शिवाय चिपचे आयुष्यही कमी होऊ शकते. फॅटसाठी ‘फ्लश’ नावाचा मधला मार्ग आहे. त्यात माहिती नेहमीपेक्षा लवकर खाली उतरवली जाते, पण प्रत्येक अक्षरासाठी धावपळ होत नाही.

माहिती वहीतून निघाली की ती ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरणाशी बोलणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती येते. मास स्टोअरेज, म्हणजे माहिती साठवणाऱ्या, वर्गातली यूएसबी उपकरणे एका ठरलेल्या भाषेत बोलतात, म्हणून प्रत्येक कंपनीच्या पेनड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुन्या पद्धतीत संगणक 31 बाइटांचा एक आदेश पाठवतो, मग माहिती जाते, आणि शेवटी उपकरण 13 बाइटांची पोच देते. ती मिळेपर्यंत पुढचा आदेश निघत नाही. यूएएस या नव्या पद्धतीत अनेक आदेश एकदम रांगेत लावता येतात, आणि यूएसबीने जोडलेल्या एसएसडीला त्याचा खरा लाभ होतो. परंतु डिस्क आणि यूएसबी यांच्यामधल्या सगळ्याच जोडचिप हे काम धड करत नाहीत. मोठी फाइल जात असताना ड्राइव्ह अचानक नाहीसा होतो आणि क्षणभराने पुन्हा दिसतो, तेव्हा दोष डिस्कचाच असेल असे नाही. लिनक्समध्ये अशा सदोष चिपसाठी सवलतींची एक यादी ड्रायव्हरमध्येच ठेवलेली आहे. आपली चिप त्या यादीत नसेल, तर तिचे निर्माता-क्रमांक आणि उत्पादन-क्रमांक पाहून ‘यूएसबी-स्टोअरेज’ ड्रायव्हरच्या ‘क्वर्क्स’ या सेटिंगमध्ये त्यांच्यापुढे ‘यू’ हे अक्षर जोडता येते. मग त्या उपकरणापुरती यूएएस बंद होऊन जुनी पद्धत वापरली जाते. वेग थोडा जातो, पण ड्राइव्ह टिकून राहतो. नवी डिस्क विकत घेण्याआधी केबल बदलून पाहावी आणि मग हा उपाय करून पाहावा.

रोज या संगणकातून त्या संगणकात जाणाऱ्या पेनड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ योग्य आहे. झेरॉक्सच्या दुकानात किंवा कार्यालयात ड्राइव्ह शिस्तीने बाहेर काढण्याइतकी उसंत कोणाला नसते. महिनोन्‌महिने एकाच जागी जोडलेल्या, बॅकअप घेणाऱ्या हार्डडिस्कसाठी ‘बेटर परफॉर्मन्स’ चालेल, मात्र ती काढताना ‘इजेक्ट’ची सवय हवी. ‘पॉलिसीज’च्या त्याच टॅबमध्ये, ‘राइट कॅशिंग’च्या खाली, बफर रिकामा करण्याचे आदेश बंद करणारी आणखी एक चौकट असते. ती निवडल्यास, डिस्कने स्वतःच्या मेमरीत ठेवलेली माहिती पक्की लिहून टाकावी असा जो आग्रह विंडोज एरवी धरते, तो सोडून दिला जातो. यूपीएसशिवाय डेस्कटॉप चालवणाऱ्या आणि दिवसातून एकदा तरी वीज जाणाऱ्या घरात त्या चौकटीवर खूण करू नये.