बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे पित्ताशयविकार

स्थूलतेवरील, म्हणजेच बॅरिएट्रिक, शस्त्रक्रियेनंतर वजन झपाट्याने उतरत असताना पित्ताशयात गाळ साचणे व खडे होणे, आणि त्यांच्यामुळे पोटदुखी, पित्ताशयदाह, कावीळ किंवा स्वादुपिंडदाह उद्भवणे, या विकारांचा समावेश या संज्ञेत होतो. शस्त्रक्रिया जठरावर आणि काही प्रकारांत लहान आतड्यावर केलेली असते. पित्ताशय सहसा जागच्या जागी तसेच ठेवलेले असते. त्यामुळे हे विकार शस्त्रक्रिया फसल्याचे लक्षण मानणे चूक ठरेल. ज्यांचे वजन सर्वांत वेगाने उतरते त्यांनाच त्यांचा धोका अधिक असतो.

यकृतात तयार होणारा पित्तरस दोन जेवणांच्या मधल्या काळात पित्ताशयात साठतो आणि त्यातील पाणी शोषले गेल्याने दाट होतो. त्यातील कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळणारे नसते. पित्ताम्ले आणि लेसिथिन यांच्या आधारानेच ते द्रवात टिकून राहते. शरीरातील चरबी वेगाने वापरली जाऊ लागली की तिच्यात साठलेले कोलेस्टेरॉल मोकळे होऊन यकृताकडे येते व पित्तरसात मोठ्या प्रमाणात उतरते. त्याच काळात पित्ताशयाच्या अस्तरातून श्लेष्मल प्रथिने जास्त स्रवतात आणि त्यांच्याभोवती कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरू लागतात. एवढे होऊनही पित्ताशय वेळच्या वेळी रिकामे झाले, तर हे सूक्ष्म स्फटिक आतड्यात वाहून जाऊ शकतात. पण ते आकुंचन पावण्यासाठी कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकाचा इशारा लागतो आणि हा इशारा मुख्यतः ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, स्निग्ध पदार्थ व प्रथिने पोहोचल्यावर मिळतो. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत आहार अगदी थोडा व कमी स्निग्ध असतो. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न ग्रहणीतून जातच नाही. परिणामी पित्ताशय सुस्तावते आणि आधीच कोलेस्टेरॉलने भरलेला रस त्यात पडून राहतो. शस्त्रक्रियेच्या वेळी व्हेगस मज्जातंतूच्या यकृताकडे जाणाऱ्या फांद्यांना इजा झाल्यास या सुस्तीत भर पडते. स्थूलता स्वतःच पित्तखड्यांना पोषक असते, हे खरे. परंतु या टप्प्यावर मूळ वजनापेक्षा ते किती आणि कोणत्या गतीने घटले याला महत्त्व अधिक आहे. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने होणारी घट विशेष धोक्याची समजली जाते.

प्रतिबंधक औषध न दिल्यास गॅस्ट्रिक बायपासनंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांत खडे होतात आणि त्यांतील बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच दिसू लागतात. सर्वांनाच त्रास होतो असे मात्र नाही. पुष्कळांचे खडे सोनोग्राफीतच काय ते आढळतात, आणि उपचाराची वेळ येणाऱ्यांचे प्रमाण बरेच कमी असते. वजन स्थिरावल्यावर नवे खडे होण्याचा वेग मंदावतो. पोटाला केवळ पट्टा बसवण्याच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे गॅस्ट्रिक बँडमध्ये, वजन सावकाश उतरत असल्याने हा धोका तुलनेने कमी असतो.

ठरावीक दुखणे उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी, बहुधा जेवणानंतर किंवा रात्री सुरू होते, पाठीकडे वा उजव्या खांद्याकडे पसरते आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकून ओसरते. ताप, न थांबणारी वेदना आणि श्वास आत घेताना त्या जागी दाबल्यास श्वास अडखळणे ही पित्ताशयदाहाची चिन्हे आहेत. डोळे पिवळे होणे, गडद लघवी आणि पांढुरकी विष्ठा यांवरून खडा मुख्य पित्तनलिकेत उतरल्याची शंका घ्यावी लागते. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीत निदान वाटते तितके सरळ नसते, कारण जोडलेल्या जागेवरील व्रण किंवा आतड्याचा वेढा पोटातल्या फटीत अडकणे, म्हणजे अंतर्गत हर्निया, यांतही असेच दुखू शकते. अंतर्गत हर्नियात आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असल्याने, सोनोग्राफीत खडा दिसला एवढ्यावर तपास थांबवणे योग्य नव्हे.

प्रतिबंधासाठी उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे औषध वापरतात. ते पित्तरसातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण घटवते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बायपासनंतर सहा महिने रोज ६०० मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांपैकी २ टक्के रुग्णांत खडे झाले, तर औषधाविना हे प्रमाण ३२ टक्के होते. हा फरक डोळ्यांत भरणारा असला, तरी तो सोनोग्राफीत दिसणाऱ्या खड्यांचा आहे. नेदरलँड्समधील २०२१ च्या मोठ्या चाचणीने प्रत्यक्ष त्रास हाच निकष धरला. तेव्हा रोज ९०० मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांत ६.५ टक्के आणि औषधरहित गटात ९.७ टक्के रुग्णांना लक्षणे उद्भवली. रुग्णाच्या दृष्टीने या दुसऱ्या चाचणीचे आकडे अधिक बोलके म्हणावे लागतील. आहारात थोडा स्निग्धांश राखल्याने पित्ताशय रिकामे होण्यास मदत होते.

पोट उघडून शस्त्रक्रिया होत असताना अनेक शल्यचिकित्सक निरोगी पित्ताशयही त्याच वेळी काढून टाकत. दुर्बिणीची पद्धत रूढ झाल्यावर ही प्रथा मागे पडली: नंतर गरज पडल्यास पित्ताशय काढणे सोपे झाले होते आणि एकाच बैठकीत दोन शस्त्रक्रिया केल्याने वेळ व गुंतागुंत वाढत होती. आता आधीपासून त्रास देणारे खडे असतील तरच पित्ताशय सहसा बरोबरीने काढतात.

खरी अडचण उभी राहते ती बायपासनंतर खडा पित्तनलिकेत अडकल्यास. एरवी तोंडावाटे दुर्बीण घालून ग्रहणीतील नलिकामुखातून तो काढता येतो. बायपासमध्ये जठराचा मोठा भाग व ग्रहणी अन्नमार्गापासून वेगळी झालेली असल्याने दुर्बिणीला आतड्याच्या लांब वळणातून उलट दिशेने जावे लागते आणि ती अनेकदा पोहोचतच नाही. अशा वेळी पोटावर छिद्रे घेऊन बाजूला ठेवलेल्या जठरातून दुर्बीण आत सोडतात, किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या मार्गदर्शनाखाली लहान जठरपिशवीतून त्या जठरात तात्पुरती वाट तयार करतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून ते नळीसारखे अरुंद करण्याच्या शस्त्रक्रियेत, ग्रहणीची वाट मोकळी राहत असल्याने हा प्रश्न येत नाही.